वाचन भरपूर, निर्णय अडलेला: एका स्टार्टअपच्या मार्केटिंग वाचनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. धंद्याचं स्वरूप मात्र तसंच ठेवलं आहे, कारण ते वगळलं तर पुढचे निर्णय समजणार नाहीत.

संस्थापक दोघं, कॉलेजपासूनचे मित्र. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं क्वालिटी विभाग सांभाळून आलेली, तो सॉफ्टवेअर इंजिनिअर. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणाचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं का याची पडताळणी, शेवटचं कधी झालं, पुढचं कधी आहे, सर्टिफिकेट कुठे आहे, याचा हिशोब त्यांचं सॉफ्टवेअर ठेवतं. तपासणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली मान्यता घेतलेल्या प्रयोगशाळेला हा हिशोब ठेवावाच लागतो. ऑडिटला आलेला माणूस एखाद्या उपकरणासमोर थांबतो, त्यावरच्या स्टिकरची तारीख वाचतो आणि म्हणतो, "याचं सर्टिफिकेट दाखवा." त्यांच्या ओळखीच्या बहुतेक प्रयोगशाळा हे सगळं एका एक्सेल शीटवर सांभाळत होत्या.

सुरुवातीचे ग्राहक तिच्या जुन्या ओळखींतून आले. सॉफ्टवेअर चांगलं होतं, घेतलेल्यांनी सोडलं नाही. पण ओळखी संपल्या आणि नवे ग्राहक येणं जवळपास थांबलं. मार्केटिंग दोघांनाही येत नव्हतं. अभ्यासू माणसं अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं: वाचायला घेतलं.

मी त्यांच्याशी मार्गदर्शक म्हणून जोडला गेलेला माणूस. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं ते एवढंच: "आणखी काय वाचू?"

अडचण कुठे होती

दोघांचं एक सामायिक डॉक्युमेंट होतं. त्यात लेख, पुस्तकं, भाषणं, मुलाखती यांची लांबलचक यादी. दोघंही रात्री त्यात भर घालत. यादी वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. त्यात चांगली पुस्तकं होती, अनुभवी माणसांचं लिखाण होतं. संस्थापकांच्या वाचनाबद्दल बोलताना लोक सहसा उथळ लेखांना दोष देऊन मोकळे होतात. इथे तसं नव्हतं. चांगलं लिखाण चुकीच्या वेळी, चुकीच्या धंद्याला लावलं जात होतं.

त्याचे परिणाम दिसत होते. एखादा लेख आवडला की पुढचे काही दिवस त्याप्रमाणे काम व्हायचं, मग दुसरा लेख आला की गाडी तिकडे वळायची. थोडे ब्लॉग लिहून झाले, थोड्या जाहिराती देऊन झाल्या, एक ईमेल मालिका अर्ध्यावर राहिली. एकाही प्रयत्नाचा निकाल लागला नाही, कारण निकाल लागेपर्यंत कुणी थांबलंच नाही.

एका प्रयत्नाकडे जवळून पाहू. फाइली इंटरनेटवर साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या 'मित्राला बोलवा, दोघांनाही जादा जागा मिळेल' या योजनेबद्दल त्यांनी वाचलं होतं. ही कथा स्टार्टअपच्या जगात सगळ्यांना पाठ असते. सप्टेंबर २००८ मध्ये सुमारे १ लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाखांवर गेले, आणि त्यात या योजनेचा मोठा वाटा होता. आपल्या संस्थापकांनी तशीच योजना आणली: दुसरी प्रयोगशाळा आणा, दोघांनाही एक महिना मोफत.

कुणीही कुणाला आणलं नाही.

ड्रॉपबॉक्सच्या कथेतला जो भाग सहसा सांगितला जात नाही, तो संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी २०१० मध्ये जाहीरपणे मांडला होता. त्यांनी आधी सर्च जाहिराती, म्हणजे इंटरनेटवर काही शोधताना निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिराती, करून पाहिल्या. त्यात एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर लागत होते आणि विकायची वस्तू होती ९९ डॉलरची. म्हणजे ही योजना एका फसलेल्या मार्गाला शोधलेला पर्याय होती. शिवाय फाइल कुणाला तरी पाठवायची म्हटलं की समोरचा माणूस आपोआप उत्पादनापर्यंत पोचायचा, आणि जादा जागा थेट वापरणाऱ्याच्याच पदरात पडायची.

आता प्रयोगशाळेचं पाहा. ओळखीची दुसरी प्रयोगशाळा बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी असते. तिचं ऑडिट सोपं व्हावं यासाठी कोण धडपडेल? आणि एक महिना मोफत मिळाला तर पैसे वाचणार संस्थेचे. सॉफ्टवेअर रोज उघडणाऱ्या क्वालिटी मॅनेजरला त्यातून काहीच मिळत नाही. दोन ग्राहकांना फोन केला असता तरी हे कळलं असतं.

दुसरी खूण त्यांच्या व्यवसाय आराखड्यात सापडली. पहिल्या वर्षी किती ग्राहक मिळतील हे काढताना एकूण प्रयोगशाळांच्या संख्येला २.५ टक्क्यांनी गुणलं होतं. मी विचारलं, "हे अडीच कुठून आले?" तो म्हणाला, "इनोव्हेटर्स अडीच टक्के असतात ना." एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स'मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट मांडले, त्यातला पहिला इनोव्हेटर्सचा: २.५, १३.५, ३४, ३४ आणि १६ टक्के. पण घंटेच्या आकाराचा आलेख सरासरीपासून ठरावीक अंतरांवर कापून हे आकडे आले आहेत. एखाद्या नव्या कंपनीला पहिल्या वर्षी किती गिऱ्हाईक मिळेल याचं ते भाकीत नाही. पुस्तक उत्तम, आकडा खरा, वापर पूर्ण चुकीचा.

जिथे काम खरोखर ठप्प झालं

सगळ्यात मोठा खोळंबा वेबसाइटच्या पहिल्या ओळीवरून झाला. ती म्हणत होती, 'पाणी तपासणी प्रयोगशाळांसाठी' असं लिहू. तो म्हणत होता, 'सर्व प्रयोगशाळांसाठी'. वरवर पाहता वाद एका शब्दाचा. पण त्यामागे दोघांनी वाचलेली दोन पुस्तकं उभी होती.

तिने जेफ्री मूर यांचं १९९१ चं 'क्रॉसिंग द कॅझम' वाचलं होतं. नवं तंत्रज्ञान हौशी ग्राहकांकडून मुख्य बाजाराकडे जाताना मध्ये दरी लागते. ती ओलांडायची तर आधी एकच लहान बाजार निवडा आणि तो पूर्ण जिंका, असं मूर सांगतात. त्याने बायरन शार्प यांचं २०१० चं 'हाऊ ब्रँड्स ग्रो' वाचलं होतं. ब्रँड वाढतात ते प्रामुख्याने अधिकाधिक लोकांनी घेतल्यामुळे, क्वचित घेणाऱ्यांसकट. म्हणून स्वतःला अरुंद करू नका, असं शार्प सांगतात.

दोघंही एकमेकांना उतारे पाठवत होते. तो म्हणायचा, "याच्याकडे आकडे आहेत, तुझ्या पुस्तकात नुसते किस्से आहेत." ती म्हणायची, "तुझ्या पुस्तकात आपल्यासारखी एक तरी कंपनी दाखव." दोघंही बरोबर बोलत होते. पहिली ओळ मात्र कित्येक आठवडे तशीच राहिली. 'आधुनिक गुणवत्ता व्यवस्थापनाचा एकात्मिक मंच' असं काहीतरी तिथे लिहिलेलं होतं, आणि ते वाचून कुणालाच काही कळत नव्हतं.

समोरचे पर्याय

वाचन बंद करून सरळ कामाला लागावं, हा पहिला पर्याय. मलाही तो काही काळ पटत होता. लहान कंपनीच्या संस्थापकाने स्वतः ग्राहकांच्या दारात जाणं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं. पण त्यांची आधीची धरसोड पाहता, नुसतं 'कामाला लागा' म्हटलं असतं तर तीच धरसोड पुस्तकांशिवाय झाली असती. शिवाय काही बाबतीत वाचनाने खरोखर वेळ वाचतो. ग्राहकाशी बोलताना कोणते प्रश्न विचारू नयेत, हे स्वतः चुका करून शिकायला फार दिवस जातात.

मार्केटिंगची एजन्सी नेमणं हा दुसरा. त्यांनी एकीशी बोलूनही पाहिलं. एजन्सीचा पहिलाच प्रश्न होता, "तुमचा ग्राहक कोण?" त्यावर दोघांनी दोन उत्तरं दिली. तिथेच तो विषय मिटला, आणि मिटला ते बरं झालं. ज्या प्रश्नाचं उत्तर संस्थापकांकडे नाही त्याचं उत्तर पैसे देऊन बाहेरून आणता येत नाही.

एखादा पद्धतशीर अभ्यासक्रम करावा असंही निघालं. बहुतेक अभ्यासक्रम उत्पादन, किंमत, वितरण, प्रसिद्धी या चौकटीने सुरू होतात. ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडली. स्थिरावलेल्या कंपनीत वेगवेगळ्या विभागांना एकत्र विचार करायला ती चांगली आहे. इथे विभागच नव्हते.

उरला तो पर्याय वाचन चालू ठेवून वाचायची पद्धत बदलण्याचा. आम्ही तो घेतला.

काय केलं

नियम साधा ठरवला. आधी प्रश्न लिहायचा, एका वाक्यात, आणि तो असा हवा की उत्तर मिळताच पुढच्या आठवड्यात काहीतरी वेगळं करता येईल. 'मार्केटिंग कसं करावं' हा असा प्रश्न नाही. 'आत्ताचे ग्राहक नेमके कोणत्या प्रसंगानंतर आपल्याकडे आले' हा आहे. एका वेळी एकच प्रश्न, त्यासाठी दोन-तीन वाचनं पुरे. वाचून झालं की तीन ओळी लिहायच्या: काय करणार, कधीपर्यंत, आणि काय दिसलं तर हे चुकलं असं धरणार.

जुनी यादी गाळण्यासाठी प्रत्येक लिखाणाला काही गोष्टी विचारायच्या. लेखकाने हे स्वतः केलंय का, आणि केलं तेव्हा कंपनी केवढी होती? त्याच्या ग्राहकाकडे वापरणारा आणि पैसे देणारा एकच माणूस होता का? लेखक आपल्याला काय विकतोय? आणि हे कोणत्या वर्षीचं आहे?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण त्याचा अर्थ 'जुनं ते टाकाऊ' असा लावला जातो. माध्यमांविषयीचं लिखाण लवकर शिळं होतं. १९९४ मध्ये वेबवर आलेल्या पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एकीवर पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी क्लिक केल्याचं सांगतात. आज बॅनरवर शंभरात एक क्लिक आली तरी ते खूप चांगलं मानतात. एखादा मार्ग नवा असताना काम करतो, मग सगळे तिथे येतात आणि तो बोथट होतो. त्यावरचा लेख आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा बोथट झाल्यानंतर. उलट माणसं निर्णय कसा घेतात यावरचं लिखाण फार सावकाश जुनं होतं. जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्ये 'सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग' लिहिलं. जाहिरातीत कूपन छापून कोणत्या मजकुराला किती उत्तरं आली ते मोजा, हा त्यातला आग्रह आजही जसाच्या तसा लागू पडतो. यादी गाळताना त्यांनी मागच्या वर्षीचे बरेच लेख काढले आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक ठेवलं. मला तो निर्णय फार आवडला.

*पहिला निर्णय: ग्राहकाला काय विचारायचं.* त्यांनी आधी ग्राहकांना एक प्रश्नावली पाठवली होती: 'अमुक सोय आवडेल का?' जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या २०१३ च्या 'द मॉम टेस्ट'मधलं सूत्र इथे नेमकं कामी आलं: तुमच्या कल्पनेबद्दल मत विचारू नका, समोरच्याने पूर्वी प्रत्यक्ष काय केलं ते विचारा. हे लहानसं पुस्तक दोघांनी वाचलं आणि लगेच फोन सुरू केले.

एक संभाषण तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तिने एका क्वालिटी मॅनेजर बाईंना विचारलं, "मॅडम, मागचं ऑडिट होतं त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करत होता?" त्या म्हणाल्या, "वही घेऊन फिरत होते. प्रत्येक उपकरणावरचं स्टिकर वाचायचं, शीटशी ताडून बघायचं. एका बॅलन्सच्या (वजनकाट्याच्या) स्टिकरवर एक तारीख, शीटमध्ये दुसरी. सर्टिफिकेट कॅलिब्रेशनवाल्यांकडेच राहिलेलं. त्यावरच एनसी निघाली." एनसी म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेल्या त्रुटीची लेखी नोंद, ती ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करून दाखवावी लागते.

मग तिने विचारलं, "आमचं सॉफ्टवेअर कधी घेतलं?" उत्तर: "त्याच महिन्यात."

आणखी काही फोन झाले आणि सूर तोच राहिला. वेळ वाचतो म्हणून कुणी सॉफ्टवेअर घेतलं नव्हतं. एनसी निघाली, वरच्यांनी विचारलं, आणि पुन्हा असं होणार नाही हे दाखवायचं होतं, म्हणून घेतलं होतं. खरेदीची वेळ ऑडिटनंतरचे काही आठवडे. वेबसाइटवर मात्र सगळीकडे 'वेळ वाचवा' लिहिलेलं.

*दुसरा निर्णय: मूर की शार्प.* हा वाद मी मुद्दाम या फोननंतर घेतला. दोन चांगली पुस्तकं एकमेकांविरुद्ध बोलतात तेव्हा 'कोण बरोबर' हा प्रश्न बाजूला ठेवून 'प्रत्येकाचा पुरावा कुठला' हे विचारावं. शार्प यांचं काम ऑस्ट्रेलियातल्या एरेनबर्ग-बास संस्थेतलं. त्यामागे खरेदीच्या नोंदींचा भक्कम आधार आहे, पण त्यातल्या बहुतेक नोंदी पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या आणि आधीच प्रस्थापित ब्रँडच्या. मूर यांचा आधार सल्लागार म्हणून पाहिलेल्या कंपन्यांचा. आकड्यांच्या दृष्टीने तो कमकुवत आहे. मूर म्हणतात ती दरी संशोधनात आढळत नाही, असं खुद्द रॉजर्स यांनी नंतर नोंदवलं होतं. पण मूर ज्या खरेदीबद्दल बोलतात ती संस्थेने केलेली, जोखमीची, आणि 'आमच्यासारखं आणखी कोण वापरतं?' असं विचारून केलेली खरेदी आहे.

फोनवर नेमका हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला होता. पाणी तपासणाऱ्यांना पाणी तपासणारेच दुसरे हवे होते. औषध तपासणारी प्रयोगशाळा वापरते याने त्यांचं समाधान होत नव्हतं. म्हणून या टप्प्यावर मूर. इथे मी एक गोष्ट ठामपणे मांडली आणि आजही मांडेन: जास्त भक्कम पुरावा असलेलं पुस्तक आणि आपल्या प्रश्नाला जास्त लागू पडणारं पुस्तक ही दोन वेगळी असू शकतात, आणि लहान कंपनीने दुसरं निवडावं.

त्याला हे लगेच पटलं नाही. "मग शार्प चुकीचा?" नाही. आज घेणार नसलेल्या लोकांच्याही लक्षात राहणं, आणि गरज पडेल तेव्हा सहज सापडणं, ही शार्प यांची शिकवण त्यांनी ठेवली. कंपनीचं नाव, रंग, ओळख सगळीकडे एकसारखी केली. एनसी कधी निघेल हे कंपनीच्या हातात नसतं. त्या दिवशी आपलं नाव आठवावं एवढं हातात असतं.

पहिली ओळ शेवटी अशी झाली: 'स्टिकरवरची तारीख आणि सर्टिफिकेटवरची तारीख एकच. पाणी तपासणी प्रयोगशाळांसाठी.'

*तिसरा निर्णय: ग्राहकापर्यंत पोचायचं कुठून.* गॅब्रिएल वाइनबर्ग आणि जस्टिन मेअर्स यांच्या 'ट्रॅक्शन'मध्ये ग्राहक मिळवण्याचे १९ मार्ग दिले आहेत. दोघांनी ते आधीच वाचलं होतं, पण १९ कामांची यादी म्हणून. लेखक सांगतात ते वेगळं: सगळ्या मार्गांचा विचार करा, थोड्यांची स्वस्तात चाचणी घ्या, मग एकावर लक्ष द्या. या वेळी तीन निवडले आणि प्रत्येकाचा निकष आधीच लिहून ठेवला.

सर्च जाहिराती लवकर निकालात निघाल्या. क्लिक आल्या, पण बरेच जण मानकाबद्दल माहिती शोधणारे विद्यार्थी होते. दुसरा मार्ग म्हणजे क्वालिटी मॅनेजरांसाठी छोटी मोफत ऑनलाइन शिकवणी, विषय 'एनसीला उत्तर कसं लिहावं'. येणारे थोडे, पण नेमके हवे तेच. तिसरा मार्ग तिला एका फोनवरून सुचला. उपकरणांवर ते स्टिकर लावतं कोण? कॅलिब्रेशन करून देणाऱ्या संस्था. त्यांची माणसं प्रत्येक प्रयोगशाळेत वर्षातून निदान एकदा जातातच, आणि सर्टिफिकेट हरवलं की दुसरी प्रत मागणारा फोनही त्यांनाच येतो. सर्टिफिकेट थेट सॉफ्टवेअरमध्ये गेलं तर त्यांचीही डोकेदुखी कमी होते. हा मार्ग १९ पैकी एका खान्यात बसतो खरा, पण तो खाना वाचून सुचला नसता.

काय निष्पन्न झालं

कॅलिब्रेशन संस्थांचा मार्ग सगळ्यात चांगला चालला. सुमारे वर्षभरात नव्या ग्राहकांत ओळखीतून आलेल्यांपेक्षा अनोळखी जास्त झाले. शिकवणीवरून दोघांत पुन्हा वाजलं. ठरलेल्या निकषावर ती थोडक्यात कमी पडत होती, तो म्हणत होता, "लिहून ठेवलंय ना, मग बंद." तिचं म्हणणं, तिथे आलेले लोक उशिरा का होईना घेतात. शेवटी तिमाहीतून एकदा घ्यायची असं ठरलं. लिहिलेला निकष असा मोडण्याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे, पण पुढे तिथून ग्राहक येत राहिले हेही खरं.

सगळं गोड झालं नाही. बराचसा धंदा दोन कॅलिब्रेशन संस्थांवर अवलंबून राहू लागला. त्यातल्या एकीचं काम मंदावलं तसं चौकशा लगेच घटल्या. आणखी एका संस्थेला सॉफ्टवेअर स्वतःच्या नावाने हवं होतं. दोघांनी एका बैठकीत नकार देऊन टाकला.

या सगळ्याचं श्रेय वाचनाला किती? मी ते मोठं मानत नाही. ग्राहकांशी केलेल्या फोनचा वाटा मोठा. वाचनाने केलं ते एवढंच की फोनवर योग्य प्रश्न विचारले गेले आणि चाचण्या अर्ध्यावर सोडल्या गेल्या नाहीत. डॉक्युमेंट आता एका पानाचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, क्रम. फोन आधी आणि मूर-शार्प वाद नंतर, असं केल्यावर वाद एका दुपारी मिटला. हेच फोन अगदी सुरुवातीला झाले असते तर वेबसाइट कित्येक आठवडे मुकी राहिली नसती. पहिला प्रश्न ग्राहकाकडूनच यायला हवा होता. तो आला नव्हता म्हणून प्रत्येक लेख सारखाच महत्त्वाचा वाटत होता.

स्वतःच्या नावाने सॉफ्टवेअर मागणाऱ्या संस्थेला दिलेला नकार मला घाईचा वाटतो. तो कदाचित बरोबरही असेल. स्वतःची ओळख पुसली गेली तर शार्प यांच्याकडून घेतलेलं सगळं वाया जातं. पण एरवी प्रत्येक गोष्टीची छोटी चाचणी घेणाऱ्या या दोघांनी इथे चाचणी घेतली नाही, प्रश्न लिहिला नाही, काही वाचलंही नाही. अशा भागीदारीतून गेलेल्या कंपन्यांचा अनुभव शोधून वाचायची वेळ खरं तर तीच होती. मोठ्या आणि मागे फिरवायला अवघड निर्णयांपूर्वी वाचन सर्वांत जास्त उपयोगी पडतं, आणि संस्थापक ते नेमकं तिथेच टाळतात, कारण समोर माणूस उत्तर मागत बसलेला असतो.

बाजूला काढलेल्या वाचनाचं काय करायचं, हे त्याने नंतर छान सोडवलं. तो ते पुसत नाही. 'आत्ता नाही' असा एक भाग करून प्रत्येकापुढे ते कधी उघडायचं हे लिहितो. शार्प यांच्यापुढे लिहिलंय: 'पाणी तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा आपल्याला ओळखू लागतील तेव्हा.' हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर निम्मी भांडणं टळली असती, कारण पुस्तक नाकारलं जात नाही, पुढे ढकललं जातं, आणि ते आवडणाऱ्याला आपला पराभव झाल्यासारखं वाटत नाही.

सध्या त्यांच्यापुढचा प्रश्न वैद्यकीय प्रयोगशाळांकडे जावं का हा आहे. तिथलं मानक वेगळं, आयएसओ १५१८९. निर्णय घेणारा माणूसही वेगळा असू शकतो, आणि पाणी तपासणाऱ्यांची शिफारस तिथे चालेल याची खात्री नाही. तिने काही वैद्यकीय प्रयोगशाळांच्या प्रमुखांच्या वेळा घेतल्या आहेत. मागच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी ते काय करत होते, हे ती आधी विचारणार आहे. वाचायचं काय ते त्यांच्या उत्तरांनंतर ठरेल.